ओल्या कचऱ्याच्या डब्यात जाणारा किराणा

आमच्या भांडुपच्या बिल्डिंगमध्ये सकाळी साडेआठला कचरा न्यायला येतात. एका सोमवारी ओल्या कचऱ्याचा डबा उचलला तर तो नेहमीपेक्षा जड लागला. उघडून पाहिलं. पाणी सुटून काळी पडलेली कोथिंबिरीची जुडी, अर्धं पाकीट ब्रेड, श्रीखंडाच्या डब्यातून काढलेली गवारीची भाजी आणि मऊ झालेली चार केळी. त्याच कोथिंबिरीसाठी शुक्रवारी स्टेशनबाहेरच्या मावशींशी मी पाच रुपयांची घासाघीस केली होती. त्यांचे पाच रुपये मी वाचवले आणि वीस रुपयांची जुडी फेकून दिली, हे मला फार लागलं.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ सालच्या अहवालात भारतातल्या घरांतून माणशी वर्षाला साधारण ५५ किलो अन्न वाया जातं असा अंदाज दिलाय. त्यात सालं-बियाही धरल्यात. आम्ही घरात पाच जण, म्हणजे पावणेतीनशे किलो. एवढं सगळं एकदम कुणी टाकत नाही. रोज मूठभर जातं, म्हणून लक्षात येत नाही.

त्या सोमवारनंतर आम्ही घरात जे बदल केले ते क्रमाने सांगते. क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेकजण उरलेल्या अन्नाच्या पाककृतींपासून सुरुवात करतात, मीही तेच केलं होतं. पण आमच्या घरचे पैसे सगळ्यात जास्त बाजारात आणि फ्रीजमध्ये गळत होते, आणि हे कळलं ते पहिल्या पायरीमुळे.

पहिली पायरी: दोन आठवड्यांची वही

काहीही बदलण्याआधी चौदा दिवस फक्त लिहा. फ्रीजच्या दाराला एक छोटी वही दोरीने अडकवा, पेनही दोरीलाच बांधा, नाहीतर पेन दुसऱ्या दिवशी गायब होतं. तीन रकाने आखा: काय टाकलं, अंदाजे किती रुपयांचं, आणि का टाकलं. केळीची साल, चहाचा चोथा, माशाचे काटे लिहायचे नाहीत. खाता आलं असतं तेवढंच लिहायचं. ताटात उरलेला घासही लिहायचा.

सासूबाईंना हे आधी पटलं नाही. "अगं, अन्नाचा असा हिशेब मांडू नये," म्हणाल्या. पण चौथ्या दिवशी मी ऑफिसमधून आले तर वहीत त्यांच्या अक्षरात ओळ होती: "पोळ्या ३, कुणी खाल्ल्या नाहीत, कारण मुलं बाहेर वडापाव खाऊन आली." पुढची वही जवळजवळ त्यांनीच लिहिली.

दोन आठवड्यांची बेरीज आली ५८० रुपये. पालेभाज्या आणि कोथिंबीर ११०, शिळी होऊन टाकलेली भाजी १२०, एकवीस पोळ्या धरून १०५, पपई आणि केळी ९०, नासलेलं दूध ७०, ब्रेड ४५, आंबट झालेलं दही ४०. वर्षाचा हिशेब केला तर १५,००० रुपये. हा आकडा मी घरात मोठ्याने वाचून दाखवला, कारण तो सगळ्यांचाच होता.

पैशांपेक्षाही जास्त शिकवलं तिसऱ्या रकान्याने. "बिघडलं" असं क्वचितच लिहिलेलं होतं. बहुतेक ठिकाणी "होतं हे विसरले", "मागे गेलं होतं", "आधीच एक होतं तरी आणलं" हीच कारणं. तुमच्या घरात कदाचित वेगळं निघेल. ज्या घरात डबे अर्धे परत येतात त्या घराने कोथिंबीर टिकवायच्या युक्त्या शिकून फारसं काही वाचणार नाही. म्हणून वही टाळू नका.

दुसरी पायरी: स्टेशनबाहेरची खरेदी

मुंबईत भाजी घरून निघून, यादी करून कमी लोक घेतात. आपण ती संध्याकाळी सात-साडेसातला लोकलमधून उतरल्यावर, खांद्याला बॅग, डोक्यात स्वयंपाकाचा विचार अशा अवस्थेत घेतो. घरी काय आहे ते आठवत नाही आणि समोर शेवटचा माल काढायचा म्हणून भाव उतरवलेले असतात. दादरला उतरलात तर मोह आणखी मोठा.

यावर सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट अगदी साधी आहे. सकाळी घरातून निघताना फ्रीज उघडून मोबाइलवर दोन फोटो काढा, एक वरच्या कप्प्यांचा, एक भाजीच्या ट्रेचा. संध्याकाळी भाजीवालीसमोर उभं राहिल्यावर आधी ते बघा. यादी करण्यापेक्षा हे जमतं, कारण यादी करायला दहा मिनिटं बसावं लागतं आणि सकाळी ती दहा मिनिटं कुणाकडे नसतात.

मग काही नियम ठरवले. घरात एका वेळी एकच पालेभाजी, आणि ती त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी शिजायलाच हवी. पालकाची जुडी पंधराला आणि दोन घेतल्या तर पंचवीस, असं असतं तेव्हा दुसरी जुडी वाया गेली की आपण एकच जुडी पंचवीसला घेतलेली असते. संध्याकाळी उशिरा मिळणारा स्वस्त वाटा घ्यायला हरकत नाही, पण त्याच रात्री करणार असाल तरच. आमची मावशी मागितली तर अर्धी जुडीही देते, फक्त मागायला संकोच वाटतो. नाहीतर शेजारणीबरोबर वाटून घ्या. मजल्यावरच्या आम्ही तिघी मिळून कढीपत्ता, पुदिना आणि आठवड्याची कोथिंबीर घेतो.

दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या अ‍ॅपचं मला वाईट वाटत नाही. एक लिंबू हवं असताना ते मिळणं ही सोयच आहे. पण डिलिव्हरी फुकट व्हावी म्हणून रक्कम भरून काढायला आपण जे चार पदार्थ टाकतो, ते वहीत हमखास सापडतात. आमचा अर्धा ब्रेड तसाच आला होता. डिलिव्हरीचे पैसे देऊन फक्त लागेल तेवढं मागवणं पुष्कळदा स्वस्त पडतं, एकदा आकडे मांडून बघा.

एप्रिल-मे महिन्यात हापूसच्या पेटीचा वेगळा विचार करावा लागतो. पेटीतले आंबे बहुधा चार दिवसांत एकदमच तयार होतात आणि मग रोज आमरस करूनही दोन-तीन सडतात. पेटी दोन घरांत वाटून घ्या. कच्चे आंबे गवतातच ठेवा आणि रोज सकाळी हाताने चाचपून जे तयार झाले तेवढेच फ्रीजमध्ये न्या. पिकलेला आंबा थंडाव्यात थोडे दिवस थांबतो, कच्चा मात्र फ्रीजमध्ये नीट पिकत नाही. एखाद्याला डाग पडायला लागला की त्याची वाट बघू नका. डागाचा भाग कापून टाका, उरलेल्याचा रस काढून फ्रीजरला लावा.

तिसरी पायरी: भाजी आणल्यावरची वीस मिनिटं

दमून आल्यावर पिशवी तशीच फ्रीजमध्ये ढकलायची इच्छा होते. पण इथे घातलेली वीस मिनिटं सगळ्यात जास्त पैसे परत देतात.

कोथिंबिरीला पाणी मारून विकतात. ओली जुडी प्लास्टिकच्या पिशवीत गेली की दोन दिवसांत तिला वास येतो. रबर काढा, पिवळी आणि चिरडलेली पानं वेगळी करा, पंख्याखाली सुती फडक्यावर पसरून वरवर कोरडी होऊ द्या, मग मुळं न कापता कोरड्या सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवा. धुवायची ती वापरताना. आठवडाभर सहज चालते. पूर्वी आम्ही वर्तमानपत्र वापरायचो. पण छपाईची शाई अन्नाला लागू नये म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणानेच वर्तमानपत्रात खाण्याचे पदार्थ बांधू नका असं सांगितलंय, त्यामुळे आता जुन्या धोतराचे तुकडे वापरतो. पालक, मेथी, शेपू यांनाही हीच रीत. पावसाळ्यात पालेभाजी चिखलाने भरलेली आणि चिंब असते. तेव्हा ती साठवायच्या भानगडीत पडू नका, निवडा आणि त्याच दिवशी करा.

हिरव्या मिरच्यांची देठं काढून डबा बंद करा, ती देठाकडूनच सडायला लागतात. लिंबं उघडी ठेवली की सुकून दगड होतात, डब्यात ठेवली तर रसदार राहतात. कढीपत्त्याची पानं काड्यांवरून काढून कोरडी डब्यात भरा.

कांदे आणि बटाटे एकाच टोपलीत ठेवू नका. दोघांना हवा लागते, पण जवळ ठेवले की बटाट्याच्या ओलाव्याने कांदे कुजतात आणि बटाट्यांनाही कोंब लवकर फुटू शकतात. बटाट्यावर उजेड पडला तर तो हिरवा होतो. असा भाग कापूनच टाकायचा, आणि बटाटा बराचसा हिरवा किंवा कडू असेल तर पूर्ण टाकायचा.

पिकणारी केळी, टोमॅटो, सफरचंद, पपई आणि आंबे इथिलीन नावाचा वायू सोडतात. त्याने जवळची फळं लवकर पिकतात आणि पालेभाजी पिवळी पडते. म्हणून आमच्या घरात केळी ओट्यापासून दूर खिळ्याला टांगलेली असतात, आणि टोमॅटो लाल होईपर्यंत बाहेर, लाल झाल्यावर फ्रीजमध्ये. पालेभाजीच्या ट्रेमध्ये फळ ठेवायचं नाही, हे मुलांनाही पाठ झालंय.

आता फ्रीज. आतलं तापमान ५ अंशांखाली हवं. दार सगळ्यात गरम असतं, दिवसभर तेच उघडझाप होतं, तरी आपण दूध तिथेच ठेवतो. दूध आतल्या कप्प्यात मागे ठेवा आणि दारात लोणची, सॉस, पाण्याच्या बाटल्या राहू द्या. फ्रीज खच्चून भरला तर थंड हवा फिरत नाही. आमचा फ्रीज १९० लिटरचा आहे, त्यामुळे आणलेलं मावत नसेल तर ते जास्त आणलंय हे तिथेच कळतं.

आणि श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे डबे. मराठी घरात ते टाकवत नाहीत, मलाही नाही. पण त्यांतून आरपार दिसत नाही. आमची गवार पाच दिवस त्या डब्यात होती आणि सगळ्यांना वाटत होतं आत श्रीखंड आहे. ते डबे आता सुक्या खोबऱ्याला आणि शेंगदाण्यांना दिले. शिजवलेलं अन्न काचेच्या किंवा पारदर्शक डब्यात, झाकणावर कागदी चिकटपट्टी आणि त्यावर वार लिहिलेला. "मंगळ रात्र" एवढंच पुरतं.

मधल्या कप्प्याची डावी बाजू आम्ही "आधी हे" म्हणून ठेवली आहे. उरलेली वाटीभर आमटी, अर्धा कांदा, मऊ पडू लागलेला टोमॅटो, उघडलेलं दही तिथेच. स्वयंपाकाला लागण्याआधी हात पहिल्यांदा त्या कोपऱ्यात जायला हवा. सगळ्या लेखातून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

चौथी पायरी: मापाने शिजवणं

आपल्याकडे कमी पडण्याची लाज वाटते, जास्त झाल्याची वाटत नाही. त्यामुळे भात नेहमी एक मूठ जास्तीचा लागतो. आम्ही पंधरा दिवस तांदूळ वाटीने मोजून लावले आणि किती उरला ते लिहिलं. पाच माणसांना रात्री दोन वाट्या लागतात असं समजत होतो, पोळ्या असतील तेव्हा सव्वा वाटी पुरते. ती वाटी आता तांदळाच्या डब्यातच असते.

पोळ्यांचं उत्तर सासूबाईंनी काढलं. कणीक सगळी मळायची, पोळ्या मात्र जेवायला बसणाऱ्यांच्याच लाटायच्या. उरलेल्या गोळ्याला तेलाचा हात लावून बंद डब्यात फ्रीजला ठेवला की दुसऱ्या सकाळी डब्याच्या पोळ्या होतात. दिवसभराहून जास्त ठेवू नये, कणीक काळपट पडते. आणि संध्याकाळी पाचला घरच्या ग्रुपवर एकच प्रश्न: "जेवायला कोण आहे?" उत्तर दिलं नाही तर आहे असं धरतो. ट्रेन उशिरा, मित्राचा वाढदिवस, ऑफिसची पार्टी हे आधी कळलं की तीन पोळ्या वाचतात.

मुलांचा डबा परत येत असेल तर रागावण्याआधी विचारा. आमच्याकडे मधली सुट्टीच फार छोटी निघाली. आता डब्यात पोळी-भाजी वेगळी न देता गुंडाळून देते, तर डबा रिकामा येतो.

पाचवी पायरी: उरलं तर

आधी सुरक्षितता, कारण वीस रुपयांचा भात वाचवून डॉक्टरचे पैसे भरणं परवडणारं नाही. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नका. मुंबईच्या उन्हाळ्यात, तापमान ३२ अंशांच्या वर असताना, एकच तास धरा. भाताची जास्त काळजी घ्या. त्यात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. रात्रभर कुकरमध्ये राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी द्यायची आपली जुनी सवय म्हणूनच सोडायला हवी. जेवण झाल्याबरोबर भात परातीत पसरवून निववा, डब्यात भरा, फ्रीजला ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा. गरम करायचं ते वाफा येईपर्यंत, आणि एकदाच. लागेल तेवढंच बाहेर काढा.

मग पदार्थ. फोडणीचा भात आणि फोडणीची पोळी तुम्हाला येतेच. आमच्याकडे त्याहून जास्त उपयोगी पडतात त्या चकोल्या, काही घरांत वरणफळं म्हणतात. उरलेली आमटी किंवा वरण दुप्पट पाणी घालून उकळायचं, थोडा गोडा मसाला, आमसूल आणि गूळ. फ्रीजमधला कणकेचा गोळा पातळ लाटून शंकरपाळ्यासारखा कापायचा आणि ते तुकडे उकळीत एकेक सोडायचे, एकदम टाकले तर चिकटतात. दहा मिनिटं शिजू द्या, वरून तूप. वाटीभर आमटीत तिघांचं रात्रीचं जेवण होतं आणि ते उरलेलं खातोय असं कुणाला वाटत नाही.

सुक्या भाज्या थालिपिठात जिरतात. कोबी, गाजर, मेथी, बटाटा, काहीही. भाजी हाताने कुस्करून भाजणीत किंवा ज्वारी-बेसनाच्या पिठात मळा, पाणी नेहमीपेक्षा कमी लागतं. भाजीत मीठ असतंच, म्हणून मीठ चाखूनच घाला. आंबट दह्याची कढी करा. दूध तापवताना फाटलं आणि वास चांगला असेल तर लिंबू पिळून पनीर करा, निघालेल्या पाण्यात कणीक मळा. वास बदललेला असेल तर टाका. सायीचं तूप बहुतेक घरांत होतंच, कढल्यावर उरणारी बेरी साखर घालून पोळीत भरली तर मुलं भांडून खातात.

सालं, शिरा आणि देठं

दोडक्याच्या शिरा बारीक चिरून थोड्या तेलावर कुरकुरीत होईपर्यंत परता, त्यात तीळ, सुकं खोबरं, लसूण, लाल मिरची भाजून घाला, मीठ आणि चिमूटभर साखर. भरड वाटा. ही चटणी भाजीपेक्षा आधी संपते. दुधीच्या सालीचीही अशीच. फ्लॉवरचे कोवळे दांडे, मुळ्याचा पाला, कलिंगडाच्या सालीचा पांढरा भाग यांची भाजी होते. कोथिंबिरीची देठं वाटणात घाला, त्यांतच स्वाद जास्त असतो. साल खायची असेल तर भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा.

मासे घेताना सुरमईचं डोकं कोळीण मावशींकडून मागून घ्या. तुम्ही त्याचे पैसे दिलेले असतात. नारळाच्या वाटणात त्याचं कालवण तुकड्यांपेक्षा चवदार होतं.

सहावी पायरी: किराणा आणि पावसाळा

जून ते सप्टेंबर मुंबईतली हवा इतकी दमट असते की महिन्याचा किराणा एकदम भरणं तोट्याचं ठरतं. रव्यात अळ्या, तांदळात टोके, पोह्यांना मऊपणा. या चार महिन्यांत रवा, बेसन, पोहे, मैदा पंधरा दिवसांचेच घ्या. वाण्याकडे सुटं मिळत असेल तर तेच बरं, स्वस्त मिळतो म्हणून पाच किलोंचा पुडा नको. रवा आणल्याबरोबर कोरडाच मंद भाजून, पूर्ण निववून घट्ट डब्यात भरा. भाजलेला रवा उपम्याला तयारच असतो. तांदळात कडुनिंबाची सुकलेली पानं घाला. जागा असेल तर डाळींची छोटी पाकिटं फ्रीजरमध्ये ठेवा. नवीन पुडा जुन्यावर ओतू नका, डबा रिकामा करून पुसा आणि मगच भरा.

पाकिटावरच्या दोन तारखांमध्ये मोठा फरक आहे. "बेस्ट बिफोर" म्हणजे त्या तारखेपर्यंत चव आणि दर्जा उत्तम. नीट ठेवलेलं, बंद पाकीट त्यानंतरही काही दिवस बहुधा चांगलं असतं, वास आणि रंग बघून ठरवा. "एक्स्पायरी" किंवा "यूज बाय" मात्र सुरक्षिततेची तारीख आहे, ती उलटली की टाका. हा फरक कळण्याआधी मी चांगली बिस्किटं आणि शेवया फेकल्या आहेत.

बुरशीबाबत काटकसर नको. ब्रेडच्या एका कापावर हिरवट ठिपका दिसला तर अख्खं पाकीट टाका, बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा आत गेलेले असतात. बुरशी आलेले किंवा काळपट, सुरकुतलेले शेंगदाणे तर नकोच. त्यात अफ्लाटॉक्सिन असू शकतं, ते यकृताला घातक आहे आणि भाजून पूर्ण जात नाही.

सणांना हे सगळं मोडतं, ते मोडू द्यावं. फक्त गौरी-गणपतीत पाहुणे निघताना प्रत्येकाच्या हातात डबा द्या. पोळ्या, मोदक, भाजी त्याच दिवशी वाटली तर खाल्ली जाते. तिसऱ्या दिवशी घरकामाला येणाऱ्या ताईंना उरलेलं देणं मला बरोबर वाटत नाही. त्यांना द्यायचं तर आपल्या ताटाबरोबरच, ताजं.

तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा दोन आठवडे वही लिहिली. बेरीज आली १९० रुपये. पालेभाजी एकदाच होती, दूध एकदाही नाही. पपई अजून जाते, कारण पाचांपैकी दोघंच खातात आणि मोठी घ्यावी लागते. त्यामुळे आता कापलेली घेते. ब्रेड मात्र पहिल्यासारखाच वहीत होता. गेल्या महिन्यापासून मोठं पाकीट बंद केलंय. सकाळी खाली बेकरीतून सहा लादीपाव येतात, आणि संध्याकाळी त्यांतला एखादा उरलाच तर तो कांदा-टोमॅटोच्या फोडणीत जातो.